पाटीची हिरवी बाजू

मास्तरांनी स्टूल भिंतीशी ओढलं, त्यावर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलणार, तोच आतून टाइपिस्ट बाईंची हाक आली.

“मास्तर, फोन! परदेशातून आहे. पोरीचा आवाज आहे, पळत या. या वयात असे फोन रोज येत नाहीत!”

“बाई, तुमच्या जिभेला काही हाड आहे की नाही?” म्हणत मास्तर खाली उतरले. हातातली साहेबांची चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात सरकवली. आधी पाटी उलटून मग ते फोनला गेले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आता ही पाटी कसली, ते आधी समजून घ्यायला हवं.

ते कार्यालय शेतमालाच्या निर्यातीला सरकारी हमी देणाऱ्या विभागाचं होतं. ऐकायला अवघड वाटतं. पण मास्तर ते कोणालाही चहा गार व्हायच्या आत समजावून देत. मास्तर हे त्यांचं नाव नव्हे आणि पेशाही नव्हे. ते होते त्या विभागातले वरिष्ठ कारकून. पण नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ते समोर बसवून शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते टेबलावर चहाचा कप ठेवत, बशीसकट.

“समजा, आपल्याकडे गहू उदंड पिकलाय. दूरच्या एका देशाला तो हवाय, पण हातात रोकड नाही. तिथली बँक म्हणते, गहू आत्ता द्या, पैसे पुढे हप्त्यानं देतो. इथली बँक म्हणते, आणि नाही दिलेत तर? दोघी अडून बसतात. मग सरकार मध्ये पडतं. हा कप म्हणजे इथल्या बँकेनं दिलेली उधारी. हा कलंडला, तर चहा कुठे पडेल? बशीत. ही बशी म्हणजे सरकारची हमी. बँकेचं बुडालं, तर सरकार भरून देतं.”

मग ते बशी फिरवून तिचा काठ दाखवत. तिथे एक टवका उडालेला असे. “आणि हा टवका मुद्दाम ठेवलाय हं. इथून चार थेंब टेबलावर गळतात. तेवढं नुकसान बँकेनं सोसायचं. म्हणजे ती कप सांभाळून धरते.”

ही झाली हमी. आता पाटी. कार्यालयाच्या वऱ्हांड्यात एक लांबलचक फळा होता. त्यावर खिळ्यांना लाकडी पाट्या टांगलेल्या, एकेका देशाची एकेक. एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल. हिरवी असेल, तर त्या देशाला माल पाठवा, हमी चालू आहे. लाल झाली, की बंद. लाल व्हायच्या आधी जे जहाज बंदरातून सुटलं त्याला हमी मिळणार. नंतर सुटलं त्याला नाही. कॉम्प्युटर आले, पण नियमातलं ते वाक्य कोणी बदललं नाही: पाटी उलटली त्या घटकेपासून. म्हणून धान्याच्या कंपन्यांची माणसं सकाळपासून समोरच्या बाकावर बसून फळ्याकडे डोळे लावत. आणि पाटी उलटायचं काम होतं मास्तरांचं. साहेबांची चिठ्ठी आली, की उठायचं, उलटायचं, चिठ्ठीवर वेळ लिहायची. इतक्या वर्षांत या कामात त्यांनी कधी चालढकल केली नव्हती.

फोनवर धाकटी होती.

*

गहू घेणाऱ्या देशांतल्या बँकांची तरुण माणसं दरवर्षी या विभागात शिकायला येत. हमीचे कागद कसे करायचे, मुदती कशा पाळायच्या, हे त्यांना मास्तर शिकवत. एका वर्षी त्यांत एक अंगानं काडीसारखी पोरगी होती. सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नाव पडलं धाकटी. पहिल्याच दिवशी कप-बशीचा धडा संपल्यावर तिनं हात वर केला.

“पण बशीत पडलेला चहा कोणाचा?”

मास्तर खूश झाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “तो सगळ्यांचा. कर भरणाऱ्या प्रत्येकाचा. म्हणून कप सांडायचा नसतो, बशी असली तरी.”

तिनं ते लिहून घेतलं.

आठवड्यात ती तापानं फणफणली. वसतिगृहाच्या खोलीत पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. मास्तर तिला रिक्षात घालून घरी घेऊन आले. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं पोरीचं तापलेलं कपाळ पाहिलं आणि नवऱ्यालाच झापलं, “अहो, हे आज सुचलं तुम्हाला? काल कुठे गेला होतात?” मग कपाळावर घड्या, भाताची पेज, रात्रीचं जागरण, सगळं झालं. ताप उतरला, तरी पोरगी परत गेली नाही. उरलेलं शिक्षण तिनं त्यांच्याच घरी राहून पुरं केलं. त्यांची भाषा ती स्वयंपाकघरात शिकली. त्यांना काका आणि काकू म्हणू लागली.

“आई काय करते गं तुझी?” काकूंनी विचारलं होतं.

“शिवणकाम. डोळे गेलेत आता. थंडीत हात आखडतात तिचे.”

काकूंनी लोकर आणून तिच्या आईसाठी एक स्वेटर विणला. बाह्या जरा लांब ठेवल्या, बोटांपर्यंत येतील अशा. धाकटी गेली त्या दिवशी तिचा निळा कप काकूंनी धुऊन फळीवर पालथा घातला. पुढे त्याचा कान तुटला, तरी तो तिथून हलला नाही.

*

“काका, मी बोलतेय.” फोनमधला आवाज दबलेला होता. “आमची पाटी आज उलटणार म्हणतात. खरं आहे?”

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. “असं विचारू नये, पोरी. तुला माहीत आहे.”

“तुमच्या बंदरात गव्हाचं जहाज उभं आहे, आमच्यासाठी. भरत आलंय. संध्याकाळच्या आत सुटेल. तेवढं जाऊ दे, काका. इथे पाव मिळत नाहीये. लोक पहाटेपासून रांगेत आहेत.” ती थांबली. “माझी आई उभी आहे रांगेत. सकाळपासून. तुमचा स्वेटर घालून.”

मास्तरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“बँक पैसे देईल, मी सांगते ना. तुम्हीच शिकवलंत मला. मी कप सांडू देईन का?”

फोन ठेवल्यावर ते जागेवर येऊन बसले. बाईंनी टाइपरायटरवरून मान वर केली. “काय झालं? चेहरा का असा?”

“काही नाही. उन्हाचं.”

“आत बसलेल्या माणसाला कसलं ऊन?”

बाहेर बाकावरून गव्हाच्या कंपनीचा माणूस डोकावला. तो जाडजूड, पोट सुटलेला, पण फार बेरका गडी होता. “मास्तर, मघाशी स्टुलावर पाय ठेवलात आणि काढलात. आमचा जीव टांगणीला लागलाय. आज कोणाची पाटी?”

“कोणाची नाही,” मास्तर म्हणाले. “पंखा पुसणार होतो.”

त्या दिवशी ते जेवले नाहीत. चिठ्ठी खिशात होती आणि खिसा छातीवर, त्यामुळे श्वास घेतला की ती टोचे. दोनदा उठून ते दारापर्यंत गेले. पाटी हिरवी दिसत होती. थंडीनं थरथरणारी एक आंधळी म्हातारी, लांब बाह्यांच्या स्वेटरमध्ये हात लपवून रांगेत उभी असलेली, त्यांना त्या पाटीच्या जागी दिसे आणि ते परत येऊन बसत.

ऑफिस सुटायच्या वेळी बाकावरचा माणूस कानाशी मोबाइल धरून हसत उठला. जहाज सुटलं होतं. मास्तरांनी स्टूल घेतलं, पाटी उलटली, आणि चिठ्ठीवर वेळ लिहिली. खरी वेळ, संध्याकाळची. खोटी लिहावी, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

*

पहिला हप्ता आला नाही. दुसराही आला नाही. मग धाकटीच्या बँकेनं दारच लावून घेतलं. इथल्या बँकेनं विभागाकडे हक्क सांगितला आणि सरकारनं मुकाट्यानं भरपाई दिली. नियमच तसा होता. जहाज पाटी उलटायच्या आधी सुटलं होतं. पण एवढी मोठी रक्कम सुटली, की कोणीतरी मागचे कागद काढतंच. चिठ्ठीवर साहेबांचा सकाळचा शिक्का होता आणि मास्तरांच्या हातची संध्याकाळची वेळ.

साहेब तसे भले होते. चौकशीच्या आधी त्यांनी मास्तरांना आत बोलावून दार लावलं.

“मास्तर, दिवसभर काय करत होतात?”

“विसरलो, साहेब.”

“तुम्ही? अहो, शिपायाच्या मुलीची परीक्षा कधी आहे ते तुमच्या लक्षात असतं. तुम्ही पाटी विसरलात?”

“वय झालं.”

“कंपनीनं काही दिलं का तुम्हाला?”

मास्तरांनी नुसतं वर पाहिलं. साहेबांनीच नजर खाली घेतली. “मला ठाऊक आहे नाही दिलं. पण मग कोणाला वाचवताय? नाव सांगा, मी सांभाळून घेतो. पुढच्या वर्षी निवृत्त होताय. शिकवणी वर्गावर तुम्हाला मानद शिक्षक म्हणून ठेवायचं पत्र मी स्वतः वर पाठवलंय. त्यावर पाणी सोडणार आहात का?”

ते पत्र मास्तरांना माहीत होतं. तरुणपणी त्यांना शाळेत शिकवायचं होतं; घरची अडचण, मिळाली ती नोकरी धरली. आयुष्याच्या शेवटी का होईना, नावापुढे शिक्षक लागणार, हे त्यांनी बायकोला सांगून टाकलं होतं. तिनं त्यासाठी दोन पांढरे शर्ट शिवून ठेवले होते.

“विसरलो, साहेब,” ते पुन्हा म्हणाले.

चौकशीत टाइपिस्ट बाईंनाही विचारलं, त्या दिवशी मास्तरांना कोणाचा फोन आला होता का. बाई म्हणाल्या, “फोन? इथे दिवसभर फोनच घणघणतात. कोणाकोणाचे लक्षात ठेवू? मी टाइपिस्ट आहे, ज्योतिषी नव्हे.” बाहेर आल्यावर त्या मास्तरांच्या जवळून जाताना पुटपुटल्या, “एवढी लाडकी आहे का हो ती पोर?”

मास्तरांची पायरी खाली आली. त्यांना तळमजल्यावर स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. शिकवणी वर्गावर बाहेरून एक तरुण आला. तो भिंतीवर चित्रं पाडून शिकवत असे. मास्तरांना आता लोक ‘विसरभोळे’ म्हणू लागले. कोणी रबर मागायला आलं, की हसत विचारी, “मास्तर, द्याल ना आजच? की संध्याकाळी?” मास्तरही हसत. गहू पोचला असेल, म्हातारीच्या पोटात पाव गेला असेल. तेवढ्यासाठी हे सोसायला त्यांची हरकत नव्हती.

एक दिवस गव्हाच्या कंपनीचा तो जाड माणूस जुनी ओळख म्हणून स्टेशनरीच्या खोलीत येऊन बसला.

“मास्तर, त्या दिवशी तुम्ही आम्हाला तारलंत. मी विसरलो नाही.”

“गहू नीट पोचला ना?” मास्तरांनी विचारलं. इतके दिवस त्यांना हे कोणाला तरी विचारायचं होतं.

“पोचला की! बँकेच्या चेअरमनच्या मेव्हण्याची गिरणी आहे ना तिथे, तिच्या गोदामात गेला. भाव चढेपर्यंत कुलपात. मग ट्रक भरून सीमेपलीकडे विकला. पैसे केले लेकाच्यांनी.”

“आणि रांगा?”

“कसल्या रांगा?”

“पावाच्या.”

“त्या होत्या तशाच असतील. त्या कुठे जातात?” तो उठला. “अहो, तुम्ही कशाला तोंड उतरवून बसता? आमचे पैसे आले, बँकेला सरकारनं दिले. कोणाचंच बुडालं नाही!”

मास्तरांनी पेन्सिलींचा खोका उघडला आणि विनाकारण पेन्सिली मोजू लागले. घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. पोरीचा फोन नाही, पत्र नाही, म्हणून बायको अधूनमधून काळजी करी. “बँक बुडाली म्हणता, मग नोकरी गेली असेल हो तिची. कुठे असेल? आईला घेऊन कुठे फिरत असेल?”

*

पुढच्या वर्षी गहू पुन्हा उदंड झाला. गोदामं भरली, मग शाळांच्या पटांगणांत पोत्यांच्या थप्प्या लागल्या. निवडणूक तोंडावर होती. गहू कुठेतरी जायलाच हवा होता. आणि धाकटीच्या देशात तीच बँक नवं नाव, नवा रंग लावून उभी राहिली होती. वरच्या वर बोलणी झाली. लाल पाटी पुन्हा हिरवी करायचं ठरलं. त्यासाठी तिकडून पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते.

मास्तरांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. शिपाई धापा टाकत खाली आला.

“मास्तर, वर बोलावलंय. लगेच.”

“मला? रबरं संपली का?”

“पाहुण्यांतल्या बाईंनी तुमचं नाव काढलं. म्हणतात, पाटी मास्तरच उलटतील.”

वऱ्हांड्यात गर्दी होती. मधोमध करड्या रंगाचा कोट घातलेली, ठसठशीत बाई उभी होती. अंग भरलं होतं, केस कापले होते. पण मास्तरांना पाहताच तिनं पूर्वी वर्गात करायची तसा हात वर केला.

“काका!” ती पुढे आली आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाली, “यांनी मला शिकवलं. मला जे काही येतं, ते यांचं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब एका बाजूला उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि जे त्या दिवशी बंद दाराआड त्यांना कळलं नव्हतं ते आता कळल्यासारखी त्यांची मान हळूच हलली.

“शिकवणी वर्गाला आमची मुलं पुन्हा पाठवते मी,” धाकटी साहेबांना म्हणाली. “पण शिकवायला काकाच हवेत.”

“मास्तर आता निवृत्त होताहेत,” साहेब एवढंच म्हणाले.

फोटोवाला कॅमेरा जुळवत होता. तेवढ्या वेळात ती मास्तरांजवळ सरकली. “तुम्हाला त्रास झाला, असं कानावर आलं होतं मला. खरं का, काका?”

“थोडाफार.”

“मी तरी काय करणार होते? फोन केला तेव्हा चेअरमन शेजारी उभे होते. नोकरी गेली असती माझी.” मग जरा हसून, त्यांची समजूत घालावी तशी ती म्हणाली, “पण शेवटी बुडालं कोणाचं? कोणाचंच नाही. तुमचीच बशी होती ना खाली.”

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. धडा तिच्या पक्का लक्षात राहिला होता, फक्त त्याचं शेवटचं वाक्य गळलं होतं.

“एक विचारू?” ते म्हणाले. “आई रांगेत होती ना? त्या दिवशी?”

धाकटीनं कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. पहिल्यांदाच ती पूर्वीसारखी काडीसारखी दिसली.

“आई त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात गेली, काका,” ती म्हणाली. “स्वेटर घालूनच नेली तिला.”

“चला, मास्तर! इकडे बघा!” फोटोवाला ओरडला.

शिपायानं स्टूल ठेवलं. मास्तर वर चढले. पाटीची हिरवी बाजू इतके महिने भिंतीकडे तोंड करून होती. तिच्यावर जळमटं धरली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पाटी काठापासून काठापर्यंत पुसली, देशाच्या नावाची अक्षरं बोटानं साफ केली, आणि ती खिळ्याला अडकवली. सरळ लागली का, ते मागे झुकून पाहिलं. मग खाली उतरले. कोणी पेन पुढे केलं नाही, तेव्हा त्यांनी आपलंच काढलं आणि चिठ्ठीवर वेळ लिहिली.

*

घरी पोचले, तेव्हा बायको दारातच उभी होती.

“अहो, टाइपिस्ट बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तिकडचे पाहुणे आले होते आज, एक बाई होती त्यांत. आपली धाकटी होती का हो?”

मास्तर चपला काढत होते. एका चपलेचा अंगठा उसवला होता. त्यात त्यांनी बोट घालून पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “दुसरीच कोणी होती.”

“मला वाटलंच. ती आली असती, तर आधी इथे आली असती.” ती आत गेली. चहाचं आधण उकळलं होतं. “नोकरी नसेल हो लागली पोरीला. तिची आई कशी असेल? डोळे गेलेत, हात आखडलेत.”

“बरी असेल.”

“मी म्हणते, आणखी एक स्वेटर विणावा का? कोणी जाणारं भेटलं, की द्यायचा. बाह्यांचं माप आहे माझ्याकडे.”

तिनं फळीवरून कप काढले. कान तुटलेला निळा कप सरकवून पुन्हा जागेवर ठेवला, आणि चहा ओतून मास्तरांसमोर आणला. ठेवताना तिचा हात हलला.

“सांडला वाटतं,” ती म्हणाली. “असू दे, बशीतच आहे. बशीतला प्या आधी.”

मास्तरांनी कप उचलून बाजूला ठेवला. बशी दोन्ही हातांनी धरून, थेंबही न सांडता ते मोरीपाशी गेले, ती ओतून टाकली आणि बराच वेळ नळाखाली धरून उभे राहिले.